लाकडी माडी, जाड कार्पेट आणि टॉवर स्पीकरचे पाय: शहापुरातलं एक प्रकरण

घर बेळगावच्या शहापुरातलं, जुन्या बांधणीचं. खाली सोपा, स्वयंपाकघर आणि आजींची खोली, वर माडी. माडीची जमीन लाकडी, म्हणजे सागवानी तुळयांवर ठोकलेल्या फळ्या. घरमालक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. गल्लीत सगळे त्यांना सर म्हणतात, मीही. सरांनी माडीवर गाणं ऐकायची खोली केली आणि जुन्यात घेतलेले दोन टॉवर स्पीकर तिथं उभे केले. एकेक मीटरभर उंच, वीस किलो वजनाचा, तळाशी जेमतेम १८ सेंटिमीटर रुंद, पाठीला पोर्ट, म्हणजे खर्जाची हवा सोडणारं भोक.

माडीवर कार्पेट स्पीकरच्या आधीच आलं होतं, तेही आजींमुळे. वर कुणी चाललं की खाली धपधप व्हायची. म्हणून मुलानं जाड कार्पेट आणून, खाली फोमचा थर घालून, भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरून दिलं. पावलांचा आवाज गेला. स्पीकर आले आणि दोन नव्या तक्रारी सुरू झाल्या. वरची सरांची: स्पीकरला बोट लावलं तरी तो डुलतो, नातू धावत गेला तर पडेल की काय अशी धास्ती. खालची आजींची: "वर काय लावलाय की, खाली भांडी वाजूलालीत सगळी." स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या मांडणीत उभ्या लावलेल्या ताटल्या तबल्याच्या डग्ग्याबरोबर किणकिणत होत्या.

सरांनी मला विचारलं ते एवढंच: जाड कार्पेटवर चालतील असे, कंप अडवणारे, परवडणारे पाय कुठले घेऊ? खर्चाची मर्यादा पाच हजार, दोन्ही स्पीकर मिळून.

"सर, आधी ठरवा. स्पीकर स्थिर करायचाय की आजींच्या ताटल्या गप्प करायच्यात?"

"दोन्ही की."

अडचण नेमकी इथंच होती. या दोन तक्रारींचे नेहमीचे उपाय एकमेकांच्या उलट जातात, आणि दुकानात दोन्ही उपाय एकाच नावानं विकले जातात.

स्पीकरबरोबर येणारे टोकदार स्पाइक घ्या. त्यांचं काम कार्पेटमधून आरपार जाऊन खालच्या टणक जमिनीवर टेकणं. स्पीकरची पेटी कार्पेटच्या तंतूंवर तरंगत नाही, डुगडुग थांबते. पण त्याच वाटेनं पेटीची थरथर जमिनीत उतरते. स्पाइकमधून कंप खाली जातो आणि वर परत येत नाही, असं काही विक्रेते सांगतात, त्यात तथ्य नाही. लोखंडाच्या टोकाला दिशा कळत नाही. घर स्लॅबचं असतं तर या उतरण्यानं फारसं बिघडलं नसतं, कारण वीस किलोच्या पेटीनं कित्येक टनांची स्लॅब हलत नाही. फळ्यांची माडी हलते. सरांच्या माडीवर टाच आपटली की टेबलावरच्या तांब्यातलं पाणी थरथरतं, एवढा पुरावा पुरे.

कंप अडवणारा पाय म्हणजे मुळात एक स्प्रिंग, मग तो रबराचा असो, सॉर्बोथेन या रबरासारख्या मऊ पदार्थाचा असो की पोलादाचा. त्याचा हिशेब सोपा आहे आणि तो केल्याशिवाय पैसे घालवू नयेत. वजन ठेवल्यावर पाय जितके मिलिमीटर दबतो त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि १५.८ ला त्यानं भागायचं. उत्तर येतं ती त्या जोडणीची स्वतःची कंपनसंख्या, हर्ट्झमध्ये. एक मिलिमीटर दबला तर सुमारे १६, चार मिलिमीटर दबला तर ८. कंप अडायला सुरुवात होते ती या आकड्याच्या १.४ पटीच्या वर. त्याच्या खाली काहीच अडत नाही, आणि बरोबर त्या आकड्यापाशी कंप उलट वाढतो. रबर झटपट हालचालीला जरा जास्त कडक वागतं, म्हणून रबराचा खरा आकडा हिशेबापेक्षा थोडा वर धरायचा.

यातून निघणारी गोष्ट एकच, पण तीच बहुतेकांच्या हातून निसटते: पाय चांगला की वाईट हे त्याच्यावर किती वजन येतं यावर ठरतं. दबलाच नाही तो पाय कितीही महाग असला तरी खुंटीच.

आता कोणी म्हणेल, फोमवरचं जाड कार्पेट हीसुद्धा स्प्रिंगच की, मग ताटल्या का वाजतात? स्पीकर उचलून पाहिल्यावर उत्तर दिसलं. पेटीला खाली चार कडक प्लास्टिकच्या टोप्या होत्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या. प्रत्येक टोपीखाली कार्पेटमध्ये खोल खळगा पडला होता, तंतू चिकटून गेलेले, बोट दाबलं तर खाली फळीच लागत होती. एवढ्याशा जागेवर पाच किलो आले की फोम पुरता चेपतो आणि स्प्रिंग संपते. बाजूनं मात्र कार्पेट मऊच राहतं. म्हणजे कंपाला खाली जायला वाट मोकळी आणि पेटीला डुलायलाही वाव. दोन्हीकडून नुकसान.

पाय बघण्याआधी तीन गोष्टी मोजल्या.

पहिली, कार्पेट आणि फोम मिळून जाडी. गोणपाट शिवायची दाभण आरपार खुपसली, वर नखानं खूण धरली, पट्टीवर मोजली: २० मिलिमीटर. स्पीकरच्या डब्यात आलेल्या स्पाइकचं टोक जेमतेम तेवढंच बाहेर येत होतं, त्यामुळे ते लावले असते तरी टोक फळीला पोचण्याआधी खांदा कार्पेटवर बसला असता. अनेकांचे स्पाइक "कामच करत नाहीत" ते यामुळे. दाभण खुपसण्यापूर्वी कार्पेटखालून वायर गेलेली नाही ना, हे पाहून घ्यावं.

दुसरी, वजनाची वाटणी. घरातला वजनकाटा पुढच्या दोन पायांखाली आणि तेवढ्याच उंचीची पुस्तकं मागच्या पायांखाली ठेवली. वीसपैकी बारा किलो पुढे, आठ मागे. आवाज काढणारी सगळी युनिट पुढच्या फळीवर असल्यामुळे टॉवर पुढून जड असणं नेहमीचंच. म्हणजे पुढच्या प्रत्येक पायावर सहा किलो, मागच्यावर चार.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: आजींच्या मांडणीपर्यंत आवाज जातो तो जमिनीतून की हवेतून? पाय फक्त जमिनीतून जाणाराच अडवू शकतात. हवेतला खर्ज फळ्यांच्या फटींतून तसाच खाली जातो आणि त्याला कुठलाही पाय पुरा पडत नाही. हे न तपासता पाय घेणारे पुष्कळ.

तपासायला स्कूटरची ट्यूब आणली, अर्धवट हवा भरली, वर प्लायवूडचा तुकडा, त्यावर स्पीकर. सर स्वतः दोन्ही हातांनी टॉवर धरून बसले, कारण अशा बैठकीवर तो सहज कलंडतो. हवेच्या ट्यूबवरची बैठक इतकी मऊ असते की तिच्यातून थरथर जवळपास खाली जातच नाही. मग मोबाइलवरून ३० ते १०० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेक करून वाजवले, आवाजाचं बटण जागेवरून न हलवता. सूनबाई खाली मांडणीपाशी फोन कानाला लावून उभ्या. आधी ट्यूबशिवाय: "पंचेचाळीसला सुरू झालं... आता लई वाजतंय... साठपर्यंत हायच." मग ट्यूबवर तेच सूर: "काहीच नाही. लावलाय का तुम्ही?"

आवाज आणखी चढवला तेव्हा साठच्या आसपास एक ताटली पुन्हा बोलू लागली. तो हवेतून जाणारा भाग. म्हणजे रोजच्या आवाजाला दोष बहुतांशी जमिनीचा, जोरात लावलं तर हवेचाही. पाय घेणं सार्थ होतं, पण त्यांची हद्दही कळली. फोनमधल्या कंपमापकानं हेच पडताळलं. त्यासाठी फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेलं. फोन जमिनीवर ठेवला की आलेख समोर येतो. नुसत्या कानावर विसंबण्यापेक्षा बरं.

४५ ते ६० हा पट्टा गाणं ऐकणाऱ्याच्या वाटेतच येतो. काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज १३९ हर्ट्झच्या जवळ, तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९. त्याखाली डग्ग्याची घुमक. सरांच्या घरी कुमार गंधर्व जास्त वाजतात. कुमारांचा जन्म १९२४ साली इथल्याच सुळेभावीचा, हे पाहुण्यांना चहाआधी सांगितलं जातं.

पहिला उपाय फुकटचा निघाला. स्वयंपाकघरात उभं राहून वर पाहिलं तर तुळया उघड्या दिसतात. टेप लावून भिंतीपासूनची अंतरं घेतली आणि तीच माडीवर कार्पेटवर खडूनं मांडली. डावा स्पीकर बरोबर दोन तुळयांच्या मधोमध, फळीच्या सगळ्यात लवचीक जागी उभा होता, आणि तुळईच्या लांबीचा विचार केला तरी खोलीच्या मध्याकडे. तो हातभर सरकवून तुळईवर आणि तिच्या भिंतीकडच्या टोकाजवळ आणला. खालची किणकिण तेवढ्यानंच निम्म्यावर आली. याहून भिंतीला चिकटवता आला नसता, कारण मागचा पोर्ट भिंतीजवळ गेला की खर्ज फुगतो. दीड फूट मोकळं ठेवलं. लाकडी माडी असलेल्या कुणीही पाय विकत घेण्याआधी हे करून पाहावं. शहापूर, वडगाव, खानापूरकडच्या जुन्या घरांत तुळया खालून दिसतातच.

मग बाजार. वॉशिंग मशिनखाली लावायच्या रबरी टोप्या सगळ्यात स्वस्त, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, आणि सरांनी चार आणूनही ठेवल्या होत्या. त्या साठ-सत्तर किलोच्या मशिनसाठी केलेल्या असतात. पाच किलोखाली त्या दबल्याच नाहीत. पट्टी लावून पाहिलं, फरक दिसेना. वर कार्पेटवर ठेवल्यानं डुगडुग तशीच. परत केल्या. अर्ध्या कापलेल्या टेनिस बॉलचा सल्ला सरांच्या भाच्यानं दिला. तो पुस्तकांच्या कपाटावरच्या छोट्या स्पीकरला ठीक आहे, मीटरभर उंच टॉवरखाली नको.

सॉर्बोथेन चांगला पदार्थ आहे, कंप गिळतो, परत उसळत नाही. तो वेगवेगळ्या मऊपणाचा आणि आकाराचा मिळतो आणि प्रत्येक तुकड्यावर किती वजन हवं हे ठरलेलं असतं. ते जुळवलं नाही तर एक तर दबत नाही, नाहीतर कालांतरानं पसरतो. शिवाय पॉलिशवर डाग सोडतो. आयसोअकॉस्टिक्स कंपनीचे गाया पाय याच कामासाठी केलेले आहेत. सगळ्यात लहान गाया तीन ३२ किलोपर्यंतच्या स्पीकरला चालतो, गाया दोन ५४ पर्यंत, गाया एक १०० पर्यंत. कार्पेटसाठी त्यांच्याखाली घालायच्या टोकदार चकत्या कंपनी वेगळ्या विकते. ही चकती मला फार बोलकी वाटते: महागडा पाय बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे की मऊ पाय थेट मऊ कार्पेटवर ठेवून भागत नाही. आधी कार्पेट भेदून टणक बैठक, मग तिच्यावर मऊ पाय. वस्तूबद्दल तक्रार नाही, पण आठ पाय आणि आठ चकत्यांची बेरीज सरांनी जुन्यात घेतलेल्या स्पीकरच्या किमतीशी बरोबरी करू लागली.

तोच क्रम आपण स्वस्तात करायचा असं ठरलं. बेळगावात राहण्याचा फायदा हा, की तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे उद्यमबागेची औद्योगिक वसाहत आहे आणि तिथं लेथला तोटा नाही.

बैठकीसाठी १९ मिलिमीटरचं प्लायवूड, ४५ बाय ४० सेंटिमीटर, प्रत्येक स्पीकरला एक. चार कोपऱ्यांत टी-नट (लाकडात ठोकायचे नट) ठोकून एम-८ चे, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचे बोल्ट, त्यांची टोकं लेथवर निमुळती केलेली, प्लायखाली २५ मिलिमीटर बाहेर. म्हणजे टोक फळीवर टेकतं आणि प्लाय कार्पेटच्या तंतूंच्या जरा वर राहतो. बोल्ट वरून फिरवता येतात, पातळी साधता येते. सर म्हणाले, सागवानाला भोकं नकोत, आजोबांच्या वेळची फळी आहे. मग कार्पेटची कड उचलून फळीवर आठ मोठे वॉशर ठेवले, प्रत्येकात ड्रिलनं मधोमध न आरपार जाणारा खळगा केलेला. कार्पेट परत अंथरल्यावर वॉशर दिसेनात. पुन्हा दाभण कामी आली. खुपसत गेलं की लोखंडावर टिक्‌ असा आवाज येतो, तिथं खडूची खूण. बोल्टचं टोक त्या खुणेवर उतरवायचं आणि हलवून खळग्यात बसवायचं. वेळखाऊ काम, पण सरांना यात सगळ्यात जास्त मजा आली.

प्लायवर ग्रॅनाइट ठेवला. किचन ओट्यात सिंकसाठी जो चौकोन कापतात तो तुकडा दगडवाल्याकडे मागच्या अंगणात पडून असतो, बहुतेक जण कडा घासून देण्याचेच पैसे घेतात. आमचे दोन तुकडे अंदाजे ४५ बाय ४०, नऊ-नऊ किलोचे. खाली पातळ कॉर्कची शीट घातली, नाहीतर दगड प्लायवर खडखडतो. खरं सांगायचं तर ग्रॅनाइट नसता तरी चाललं असतं. पण हलक्या लाकडी जमिनीवर जड बैठक असणं बरं, आणि सूनबाईंना तो दिसायला आवडला.

नुसता ग्रॅनाइट कार्पेटवर आडवा टाकून वर स्पीकर ठेवायचा, हा पुष्कळांचा शॉर्टकट आहे. आम्हीही आधी तो ठेवून पाहिला. सुरुवातीला पक्का वाटला. मग पुढच्या बाजूचा फोम जास्त दबत गेला आणि पुढून जड असलेला टॉवर हळूहळू खोलीकडे झुकला. पातळ कार्पेट, फोम नसलेलं, असतं तर एवढ्यावर थांबता आलं असतं.

आता मऊ भाग. उद्यमबागेत रबराचे रॉड वजनावर मिळतात. पहिला मोह पिवळ्या पीयू (पॉलियुरेथेन) रॉडचा होतो, तो सगळीकडे असतो. पण तो साधारण ९० शोअरचा (शोअर ए हे रबराच्या कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकं कडक), म्हणजे आपल्या कामाला दगडच. आपल्याला हवं होतं ४० शोअर ए च्या आसपासचं रबर, पेन्सिलीच्या खोडरबराइतकं मऊ. दुकानदारानं मोजून दिलं. त्याच्याकडे कडकपणा मोजायचा मीटर होता, असा मीटर ठेवणाऱ्याकडूनच घ्यावं.

जाडी आणि व्यासाचा हिशेब इथं कामी येतो. तेच ४० शोअरचं रबर ३० मिलिमीटर व्यासाचं आणि २० उंचीचं घेतलं, तर पाच किलोखाली ते पाऊण मिलिमीटरही दबत नाही, आणि कंपनसंख्या वीसच्या घरात जाते. २० मिलिमीटर व्यास आणि २५ मोकळी उंची घेतली की दाब दोन मिलिमीटरच्या पुढे जातो, हिशेब साडेदहा हर्ट्झचा, रबराचा स्वभाव धरून बारा-तेरा. म्हणजे अठराच्या वर अडवायला सुरुवात. ४० हर्ट्झला, जमीन टणक धरली तर, कागदावर कंपाचा आठवा हिस्साच पलीकडे जातो. फळ्या स्वतः हलत असल्यानं प्रत्यक्षात एवढं मिळत नाही, पण दिशा बरोबर आहे. उंचीच्या एक-दशांशाच्या आत दाब राहिला, रबराला तो सोसतो. याहून सडपातळ केलं असतं तर खांब वाकायला लागला असता.

लेथ चालवणाऱ्या टर्नरमामांनी ॲल्युमिनियमच्या उरलेल्या तुकड्यांतून सोळा वाट्या काढून दिल्या, प्रत्येक पायाला वर एक, खाली एक. वाटीत पाच मिलिमीटर खोल खोबण, तिच्यात रबर घट्ट बसतं, मधले २५ मोकळे राहतात. वरच्या वाटीला एम-८ स्टड. खालच्या वाटीखाली नमदा, ग्रॅनाइटवर ओरखडा नको म्हणून.

स्पीकरच्या तळातल्या आट्यांवरून मात्र वाद झाला. सर म्हणत होते, पाव इंची आहेत. मामांनी पिच गेज लावला: एम-६, एक मिलिमीटर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. पाव इंचीचा पिच सव्वा मिलिमीटरच्या थोडा वर असतो. दोन्ही सुरुवातीचे एक-दोन फेरे गुमान जातात, मग अडतात, आणि तिथं पान्यानं जोर लावला की पेटीत बसवलेला आट्यांचा इन्सर्ट सुटून आत फिरायला लागतो. तो परत बसवणं म्हणजे डोकेदुखी.

सडपातळ रबरी पाय थेट १८ सेंटिमीटरच्या तळाखाली लावले असते तर टॉवर पहिल्यापेक्षा जास्त डुलला असता. म्हणून स्पीकरच्या चार भोकांत एम-६ बोल्टनं दोन लोखंडी पट्ट्या आडव्या बसवल्या, एक पुढे, एक मागे, ४० बाय ६ मिलिमीटरच्या. त्या दोन्ही बाजूंना बाहेर येतात, आणि रबरी पाय त्यांच्या टोकांना, एकमेकांपासून ३२ सेंटिमीटरवर. डुलण्याला होणारा विरोध या अंतराच्या वर्गानं वाढतो. १८ वरून ३२ म्हणजे तिपटीहून जास्त. कलंडायचा कोनही बदलतो: गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर धरला तर आधी नऊ अंशांतच तोल जात होता, आता सोळा अंश लागतात. नातू असलेल्या घरात माझ्या मते आवाजापेक्षा हाच आकडा मोठा. तरीही पाठीमागे भिंतीतल्या हुकाला नायलॉनचा पट्टा सैल बांधून ठेवलाय. रंग काळा मॅट दिल्यावर पट्ट्या डोळ्यांत खुपत नाहीत.

पुढचे पाय जास्त दबतात, मागचे कमी, त्यामुळे टॉवर मिलिमीटरभर पुढे झुकला. पुढचे स्टड एक फेरा खाली उतरवून स्पिरिट लेव्हलवर आणला आणि लॉकनट कसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावं, रबर रात्रीतून थोडं बसतं.

सगळा खर्च पाच हजारांच्या आत राहिला. त्यात मोठा वाटा लेथच्या मजुरीचा.

निकाल असा. माथ्याला बोटानं ढकललं तर टॉवर एक झोका घेऊन थांबतो. स्पाइकवर उभ्या स्पीकरइतका तो ठाम कधीच होणार नाही, मऊ पायांची ती किंमत आहे. खाली रोजच्या आवाजाला मांडणी गप्प आहे. सरांनी जोरात भजन लावलं की साठच्या आसपासची ती एक ताटली अजून बोलते, ट्यूबवर बोलली होती तीच. ती पायांच्या हद्दीबाहेरची. सूनबाईंनी मांडणीच्या दांड्यांना नमद्याच्या पट्ट्या चिकटवल्यावर तीही थांबली. वर ऐकताना डग्गा सुटसुटीत वाटतो, खर्जाचा घोळ कमी झालाय असं सर छातीठोकपणे सांगतात. मलाही वाटलं. पण स्पीकरची जागा त्याच वेळी बदलली होती, आणि जागेचा परिणाम पायांपेक्षा मोठा असतो, म्हणून सगळं श्रेय रबराला देणार नाही.

देखभाल एक आहे. इथल्या पावसाळ्यात फळ्या फुगतात आणि कार्पेटखालचा फोम दमट होतो. पाऊस सरला की बैठक उचलून कार्पेट वाळवावं लागतं आणि चार बोल्टांची पातळी पुन्हा जुळवावी लागते. वॉशर जागचे हलू नयेत म्हणून त्यांना खाली दुतर्फी चिकटपट्टी आहे. रबर काही वर्षांनी कडक होईल, नखानं दाबून कळतं. तुकडा बदलणं मात्र दहा मिनिटांचं काम.

हे पाहून सरांच्या निपाणीच्या मेहुण्यांनी मामांकडून तसाच संच करून मागितला. त्यांचा हॉल तळमजल्यावर, खाली कोबा आणि फरशी, वर जाड कार्पेट, तक्रार फक्त डुगडुगीची. त्यांना मी हे काही करू दिलं नाही. आडव्या पट्ट्या तेवढ्या घ्या म्हटलं, आणि त्यांच्या टोकांना ४० मिलिमीटरचे टोकदार बोल्ट, लॉकनटसकट. दाभण खुपसून जाडी मोजा, फरशीवर चरे नकोत तर टोकाखाली वॉशर सरकवा. रबर, प्लाय, ग्रॅनाइट कशाचीच गरज नाही. "मग मेहुण्यापेक्षा माझं स्वस्तात झालं म्हणायचं," ते खुशीत म्हणाले, आणि सरांना लगेच फोन लावला.